ऑल्डमीरकरांची शेवटची जमीन

सिंगापूरहून आल्यापासून सगळे एकच विचारतायत. बर्ड पार्क बघितलास का, सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं ती मूर्ती बघितलीस का. मूर्ती बघितली, बसमधून, लांबून. बर्ड पार्क राहिलं. दहा दिवसांतले सहा दिवस मी एका इंग्लिश सरदाराच्या घराण्याचा आणि त्याच्या जमिनींचा शोध घेत होते. सातशे वर्षांपूर्वी मेलेल्या सरदाराच्या. सिंगापूरमध्ये बसून. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "नीट जेवतेयस ना?"

म्हणून सगळं इथे एकदाच टाइप करून टाकते. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसले तर ऑक्टोबर उजाडेल.

बुकित बातोक

माझी आत्या आणि काका चौदा वर्षं सिंगापुरात आहेत. दोघंही रॅफल्स प्लेसला वेगवेगळ्या बँकांत आकडे सांभाळतात आणि घरी आल्यावर आकड्यांचं नाव काढत नाहीत. घर बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून समोर तसल्याच इमारती, मध्ये इतकी हिरवी झाडं की कोणी रोज पुसत असावं. पहिल्या संध्याकाळी आत्यानं वरण-भात-तूप वाढलं. विमानात सहा तास बसून परदेशात आले आणि पहिलं जेवण वरण-भात. मी काही बोलले नाही, कारण तूप आमच्या घरच्यापेक्षा चांगलं होतं.

जेवताना आत्या म्हणाली, "तू तो कुलवृत्तांत टाइप केलास ना गं?"

केला होता. मागच्या वर्षी आमच्या कुळाच्या मंडळानं कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढली, आणि मराठी टायपिंग फास्ट येणारी घराण्यात मी एकटीच. अख्खा उन्हाळा मी पूर्वज टाइप केले. शेवटी शेवटी झोपेतही वंशावळ दिसायची. आत्याला एवढंच पुरलं. तिनं माझ्या नावानं परस्पर शब्द देऊन टाकला होता.

कोणाला, तर आंटी मेबलना. आत्या-काका सिंगापूरला नवे आले तेव्हा टॅम्पिनीसला ज्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेऊन राहिले, त्या ह्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, युरेशियन. म्हणजे आजोबा इंग्लंडहून आलेले, आजी इथली. आडनाव ऑल्डमीर. आंटींचे वडील आर्थर बंदराच्या ऑफिसात कारकून होते आणि ते सगळ्यांना सांगायचे की आम्ही सर गॉडफ्रींच्या वंशातले. हे सर गॉडफ्री द ऑल्डमीर म्हणजे चिलखत घालून लढणारे खरेखुरे नाइट, आणि गावच्या चर्चमध्ये त्यांचा दगडी पुतळा पायाशी कुत्रा घेऊन झोपलेला आहे. ऑफिसातले गोरे साहेब हसायचे. वडील जेवायच्या सुट्टीत आले की ते साहेब टेबल वाजवून म्हणायचे, उठा, सर आर्थर आले. आंटी बारा वर्षांच्या असताना वडील गेले, आणि ते 'सर आर्थर' आंटींच्या डोक्यात राहिलं.

आता झालं असं होतं की इंग्लंडमधले एक मिस्टर पीटर ऑल्डमीर, रिटायर्ड मास्तर, घराण्याचं पुस्तक काढत होते. म्हणजे कुलवृत्तांतच. फोनबुकात आडनाव शोधून त्यांनी आंटींना पत्र पाठवलं होतं. आजोबांचे वडील कोण ते दाखवता आलं, तर तुमची शाखा पुस्तकात जोडू. ऑस्ट्रेलियाला मुलीकडे जाताना येत्या गुरुवारी ते एक दिवस सिंगापुरात थांबणार होते. तिकडून परतले की पुस्तक छापायला जाणार. आंटींकडे गुरुवारपर्यंत वेळ होता, आणि आता आंटींकडे मी होते.

टॅम्पिनीस

बुकित बातोकहून टॅम्पिनीसला एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, जायचं म्हणजे जवळजवळ अख्खा देश ओलांडायचा. पुण्यात एवढ्या वेळात मी कोथरूडहून हडपसरला पोचत नाही.

आंटींचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, तीन खोल्यांचा. दारात लोखंडी जाळीचं गेट आणि आठ कुंड्या. त्या स्वतः एवढ्याशा, फुलाफुलांचा झगा, आणि बोलणं इंग्लिश पण सिंगापूरचं, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'लाह'. मी मराठीत लिहितेय, लाह तुम्ही मनात लावून घ्या. आल्या आल्या त्यांनी केक पुढे ठेवला, आणि एक घास घेतला तर काय, रवा. चक्क रव्याचा केक, बदाम घातलेला, वर तूप सुटलेलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे ह्याचा शिरा करतात. त्या म्हणाल्या, मग तुम्ही लोक अर्ध्यावर थांबता.

चहाचं भांडं त्यांनी टेबलावर एका काळ्या चौकोनी पाटीवर आणून ठेवलं. आपण अडणी वापरतो तसं. हे लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

मग त्यांनी बायबल आणलं. घरातले जन्म आणि मृत्यू बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर लिहायची त्यांची पद्धत. सगळ्यात वर आजोबा, एडविन चार्ल्स ऑल्डमीर. खाली आर्थर एडविन, मग हेन्री जॉर्ज, मग बायकामुलं. कोण कोणाचा मुलगा ते कुठेच नाही, नुसती नावं आणि तारखा. मला तर उकळ्याच फुटल्या, कारण ह्यात माझा हात बसलेला. कुलवृत्तांत करताना एकच करायचं असतं. मधलं नाव बघायचं, एक पायरी वर चढायचं. परत मधलं नाव बघायचं, परत चढायचं. 'द ऑल्डमीर' म्हणजे ऑल्डमीरचे, म्हणजे ऑल्डमीरकर, हे तर मी पहिल्याच मिनिटाला लावलं.

आर्थर एडविन हा एडविनचा मुलगा. आंटींना विचारलं, बरोबर. झालं, पद्धत पक्की. मग एडविन चार्ल्स हा चार्ल्सचा मुलगा. पणजोबा सापडले, अर्ध्या तासात. हेन्री जॉर्ज मी बाजूला नेला आणि जॉर्ज नावाचे एक चुलत आजोबा मनानंच धरून त्यांच्या खाली लावला.

आंटी माझा वंशावळीचा तक्ता बघून म्हणाल्या, "हेन्री अंकल एवढे लांब का गेले? ते आमच्याच घरात राहायचे."

मी सांगितलं, चुलत असतील, पूर्वी राहायचे एकत्र. हे मी कुठल्या तोंडानं सांगितलं, मला आज कळत नाही. आंटींनी मान हलवली. मी एक्स्पर्ट होते ना.

तळ्याकाठी

रविवारी काकांनी तक्ता तपासला. बुकित बातोकच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. तिच्यात पाणी भरून सुंदर तळं झालंय, मधोमध कडे उभे. तिथे बाकावर बसून काका बोट फिरवत नाव न् नाव बघत होते. सर गॉडफ्रींबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटायला लागली होती. राजानं जमीन द्यायची आणि लढाईला बोलावलं की घोडा, माणसं घेऊन हजर व्हायचं. काका म्हणाले, सरळ सरंजाम आहे की हा, ह्यांच्याकडे सातबारा असेल का गं? आत्यानंही तक्ता बघितला. दोघं चांगले बँकेतले, चुका शोधायचा पगार घेणारे. दोघांनी पास केला.

मी टाइप फास्ट करते आणि सेंडचं बटण त्याहून फास्ट दाबते. रविवारी संध्याकाळी पीटरना ईमेल गेली. एडविन, चार्ल्सचा मुलगा, हे सिद्ध झालं आहे. 'सिद्ध' हा शब्द मी मुद्दाम घातला.

रॅफल्स प्लेस

सोमवारी आत्यानं मला ऑफिसजवळ जेवायला बोलावलं. उंच इमारती, सगळी माणसं काळ्या पँटीत भराभर चालणारी, आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, एकही टेबल रिकामं नाही. नाही म्हणजे, होतं. एका टेबलावर कोणी नव्हतं, फक्त कागदी रुमालांचं एक पाकीट कोणीतरी विसरून गेलेलं. मी बसले. उकाड्यानं नाक गळत होतं म्हणून त्यातला एक काढून नाकही शिंकरलं. तेवढ्यात नूडल्सचे ट्रे घेऊन तीन माणसं येऊन उभी राहिली आणि नुसती बघायला लागली. आत्या लांबून धावत आली. इथे पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तेच, फक्त इथे कोणी तो उचलून फेकत नाही. मी माफी मागून उठले. आत्या दिवसभर ऑफिसात ही गोष्ट सांगत होती, असं तिनंच संध्याकाळी सांगितलं.

मंगळवारी पीटरचं उत्तर आलं. फार सभ्य. आमच्या तक्त्यात त्या पिढीत एडविन दोन आहेत, पण चार्ल्सचा मुलगा एकही नाही. चार्ल्स नावाचाच कोणी नाही. दिलगीर आहे. तरी गुरुवारी चहाला जरूर येईन.

मी हे आंटींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाबा गंमत करत असतील मग." आणि मी जेवले का ते विचारलं.

मला रडूच आलं. बाराव्या वर्षापासून त्या ज्या एका गोष्टीवर ठाम होत्या, ती मी चार दिवसांत काढून घेतली होती.

पुन्हा टॅम्पिनीस

बुधवारी मी कांदेपोहे करून डबा घेऊन गेले. एमआरटीत खायला बंदी आहे, पण वासाला काय करणार. शेजारची बाई दोन स्टेशनं डब्याकडेच बघत होती.

आंटींनी पोहे खाल्ले, छान म्हणाल्या. पीटरचं पहिलं पत्र टेबलावर पडलं होतं. ते मी आधी वाचलं होतं, पण पाकीट बघितलं नव्हतं. पाकिटावर लिहिलं होतं, मिस मेबल रोझ ऑल्डमीर.

"आंटी, तुमच्या वडिलांचं नाव आर्थर ना?"

"हो."

"मग हे रोझ कोण?"

"मी."

"तसं नाही. मधलं नाव. तिथे आर्थर का नाही?"

आंटींनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "माझ्या आईला गुलाब आवडायचे," त्या म्हणाल्या. "आणि आर्थर कसं असेल? मी बाई आहे, लाह."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कान गरम झाले. मला माहीत नव्हतं असं नाही हो. इंग्लिश लोक मधलं नाव हौसेनं ठेवतात हे कुठेतरी माहीत असतंच. पण कागदावर तीन नावं एका ओळीत दिसली की आपला डोळा थेट मधल्यावर जातो आणि तिथे बाप शोधतो. चार्ल्स कोणाचा बाप नव्हता. चार्ल्स नुसताच होता. हेन्री अंकल आंटींचे सख्खे काका होते आणि मी त्यांना घराबाहेर काढलं होतं. आणि आर्थर एडविनचं नाव नेमकं आमच्या पद्धतीत बसलं होतं, म्हणून कोणालाच शंका आली नाही.

ऑफिसात आत्याला फोन लावला. ती सगळं ऐकत गेली. मग तिनं तिकडूनच काकांना फोन लावला आणि लाइनवर आम्ही तिघं पुणेकर एकमेकांना विचारत होतो की तुला कसं दिसलं नाही. शेवटी काका म्हणाले, "माझं नाव वसंत रामचंद्र आहे, मला काय दिसणार?"

पीटरना मी तिथूनच ईमेल केली असती, पण आंटींकडे कम्प्युटर नव्हता, आणि ते तर आता विमानातच असणार. शिवाय कळवणार काय? चार्ल्स गेला, ठीक. पण मग आजोबांचे वडील कोण, ते बायबलमध्ये नव्हतंच. आंटींना ते माझ्या आधी कळलं होतं. त्या म्हणाल्या, असू दे, तो बिचारा येतोय तर केक करते.

मला हात बांधून बसवेना. मी भांडी घासायला घेतली. आंटी नको नको म्हणत होत्या. चहाच्या भांड्याखालची ती काळी पाटी हातात आली. जड होती. कडेला नखानं खरवडलं तर आतून पिवळं. पितळ.

पितळ काळं दिसलं की मला राहवत नाही, हा आमच्या घरचा रोग. आंटींच्या फ्रिजमध्ये माशाच्या आमटीसाठी चिंच होतीच. चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन मी बसले. आंटी सांगत होत्या की ही पाटी वडिलांच्या ट्रंकेत होती. कातोंगला समुद्राजवळ आजोबांचं घर होतं, आंटींच्या जन्माआधीच विकलं गेलं, तिथलीच कसली तरी असेल. आई तिच्यावर भात ठेवायची, मग मी ठेवायला लागले.

पाटी कायम पालथी वापरलेली. खालच्या बाजूला घासता घासता उठावाची अक्षरं वर आली. आधी एक उभी रेघ, मग हळूहळू सगळी. लार्कहोल्ट.

आंटींना हा शब्द माहीत नव्हता. आम्हाला वाटलं, पाटी बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल.

गुरुवार

पीटर ऑल्डमीर सत्तरीचे, ताडमाड उंच. सॅंडलमध्ये मोजे, आणि उकाड्यानं टोमॅटोसारखे लाल. लिफ्टपासून दारापर्यंत त्यांनी तीनदा घाम पुसला. आत्यानं अर्धी रजा टाकली होती, म्हणाली, चूक मी पण केलीय.

केक वाढल्यावर मी उभी राहून कबुली दिली. आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, म्हणून तो चार्ल्स. पीटर फार लक्ष देऊन ऐकत होते. मी विचारलं, तुमचं मधलं नाव काय?

"पर्सिव्हल," ते म्हणाले. "आणि त्याबद्दल मी वडिलांना अजून माफ केलेलं नाही."

पण मग ते गंभीर झाले. म्हणाले, दोनपैकी एक एडविन तिथेच गावात मेला. दुसरा धाकटा मुलगा होता, बोटीवर गेला, पुढे काही कळलं नाही. तोच तुमचा असेल असं वाटतं, पण वाटणं छापता येत नाही. तो आमचाच, हे सांगणारं काहीतरी हवं.

आंटी म्हणाल्या, ठीक आहे, चहा घ्या.

मग अशा वेळी सभ्य माणूस काहीतरी करतो तसं पीटरनी फाइल उघडली. निदान सर गॉडफ्रींच्या जमिनी कुठे कुठे होत्या ते तरी ऐका. आणि मास्तरांच्या आवाजात वाचायला लागले. नदीकाठची गिरणी. चर्चच्या उत्तरेची शेतं. ओकचं रान. एका मुलीच्या लग्नात गेलेलं एक गाव. पिढ्यान् पिढ्या तुकडे पडत, विकत, शेवटी घराण्याकडे एकच शेतघर उरलं. ते गेलं तेव्हा बोटीवर गेलेला एडविन पंधरा वर्षांचा होता, तिथेच जन्मलेला.

"लार्कहोल्ट," पीटरनी वाचलं.

आंटींनी दोन्ही हातांनी चहाचं भांडं उचललं.

खाली पाटी होती, चिंचेनं घासलेली, सोन्यासारखी. या वेळी मी ती सुलटी ठेवली होती.

पीटरनी चष्मा काढला, परत लावला. अक्षरांवरून बोट फिरवलं. पाटी गरम होती, तरी फिरवलं. म्हणाले, हे नाव नकाशातसुद्धा नाही आता. ज्यानं घर घेतलं त्यानं महिन्याभरात बदललं होतं. मग हळू आवाजात विचारलं, ही कुठे लावलेली होती? आंटी म्हणाल्या, कातोंगच्या घराच्या फाटकावर असणार. म्हणजे गेलेल्या शेतघराचं नाव एडविननं इथल्या घराला दिलं होतं. आणि मग बराच वेळ त्या भांडं हातात धरूनच उभ्या होत्या, कारण ते ठेवायला जागा नव्हती. शेवटी आत्यानं ते त्यांच्या हातातून घेतलं.

पीटरनी मोठा तक्ता जमिनीवर पसरला. माझ्या तक्त्याच्या चौपट. गुडघे टेकून, पेन्सिल काढून, त्या धाकट्या एडविनच्या खाली त्यांनी रेघ ओढली. वडिलांचं नाव विचारलं.

"आर्थर," आंटी म्हणाल्या. "आर्थर एडविन. नीट लिहा, लाह, पूर्ण."

त्यांनी लिहिलं. शेजारी हेन्री अंकल, आपल्या सख्ख्या भावाच्या शेजारी. मी ओळ तीनदा तपासली.

"त्या ऑफिसातलं आता कोणी जिवंत नाही," आंटी म्हणाल्या. "नाहीतर आत्ता फोन केला असता."

पीटर विमानतळावर गेले. जाताना त्यांनी उरलेला सगळा केक बांधून नेला. आम्ही निघालो तेव्हा आंटी स्टुलावर चढून पाटी गेटवर कुठे बसते ते बघत होत्या, आणि शेजारचे चिनी आजोबा ड्रिल मशीन घेऊन डावीकडे, उजवीकडे असं सांगत होते. तेव्हा सर गॉडफ्री ऑल्डमीरकरांची शेवटची जमीन मी बघितलेली आहे. टॅम्पिनीसला, आठव्या मजल्यावर, तीन खोल्या, आठ कुंड्या.

परत आल्यावर मी तुळशीबागेत जाऊन एक अडणी घेतली आणि काल पोस्टानं आंटींना पाठवली. त्यांना आता चहाचं भांडं ठेवायला काही नाही.